तारामतीबाईंचा आवाज

तारामतीबाई पगारे प्रार्थनेला बसल्या की जयपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या मागच्या तीन क्वार्टर्सना वेगळी प्रार्थना करायची गरज उरत नसे. शेजारचे मीणाजी गार्ड बिचारे रेडिओ बंद करून टाकत. त्यांची तक्रार नव्हती, पण भिंतीपलीकडे तारामतीबाई देवाशी बोलत असताना बातम्या लावून उपयोगच नसायचा.

हा आवाज गावाकडचा. नगर जिल्ह्यात, शेवगावच्या बाजूला, त्यांच्या लहानपणी उपासना झाडाखाली व्हायची. वारा सुटायचा, शेळ्या ओरडायच्या, आणि ज्याला प्रार्थना करायची त्याला या सगळ्यांच्या वर आवाज काढावा लागायचा. तो एकदा वर गेला तो पुन्हा खाली आला नाही. लग्न झालं, नवरा बळवंत रेल्वेत सिग्नल फिटर, बदल्या होत होत आधी अजमेर आणि मग त्र्याहत्तर सालापासून जयपूर. गाव सुटलं, आवाज सोबत आला.

जयपूरमध्ये मराठी ख्रिस्ती घरं मोजून नऊ. बहुतेक रेल्वेतली, दोन मिलिटरीतली, एक जवाहर नगरला. रविवारी सगळे हिंदी चर्चमध्ये जायचे. तिथे हिंदीत गायचं, हिंदीत मान डोलवायची, आणि मग शुक्रवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमून मराठीत मन मोकळं करायचं. या नऊ घरांत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी तारामतीबाईंना निरोप जायचा. बाई बसने झोटवाड्याला जायच्या, टेम्पोत कोंबून घेऊन छावणीत जायच्या, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि सुरू व्हायच्या. त्यांच्या प्रार्थनेत मोघम काही नसे. 'प्रभू, विमलचा ताप एकशेतीन आहे. तो आज शंभरावर आण. उद्या सकाळी उरलेला उतरव. आणि तिला पेज पचू दे, भात नको एवढ्यात.' एखाद्या हाताखालच्या माणसाला काम समजावून सांगावं, तशी त्यांची पद्धत.

मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्यांचा त्यांना फार राग. "ओठ हलले नाहीत तर ती कसली प्रार्थना?" त्या म्हणायच्या. "मनात काय, माणूस भाजीचे भाव पण म्हणतो." आणि दुसरं म्हणजे प्रार्थना आजाऱ्याच्या उशाशीच झाली पाहिजे. घरी बसून केलेली प्रार्थना म्हणजे पोस्टाने पाठवलेलं पत्र, कधी पोचेल सांगता येत नाही, हेही त्यांनीच मंडळीला शिकवलं होतं. अकरा वर्षं शिकवलं होतं. मंडळी चांगलं शिकली होती, हेच पुढे नडलं.

बळवंत अगदी उलटा. दिवसात मोजके शब्द. रोज संध्याकाळी जेवण झालं की तो खाटेवर आडवा व्हायचा, तारामतीबाई खालच्या चटईवर गुडघे टेकायच्या आणि बोलायला लागायच्या. बऱ्याचदा तो त्या आवाजातच झोपी जायचा. सव्वीस वर्षं असंच चाललं होतं. दोघांनाही त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत यार्डात काम करताना गंजलेली तार बळवंतच्या टाचेत घुसली. त्याने ती उपटून फेकली आणि घरी येऊन हळद दाबली. तारामतीबाई म्हणाल्या, इंजेक्शन घेऊन या. तो म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. आठवड्यात जखम भरून आली, मग इंजेक्शनचा विषयच संपला. पुढच्या गुरुवारी त्याचा जबडा आखडला. भाकरीचा घास चावेना. शुक्रवारी मान ताठ झाली. मुलगी अलका कॉलेजात शिकणारी, ती म्हणाली, "आई, हे नॉर्मल नाही, हॉस्पिटलला चला." पण शुक्रवारची पाळी यांच्याच घरची होती. सहा वाजता मंडळी यायची होती.

"आधी प्रार्थना होऊ दे," तारामतीबाई म्हणाल्या. "मग दवाखाना आहेच."

रंगनाथ काळोखे पेटी घेऊन आले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, मंडळीतले सगळ्यांत वडील. नोकरीत हिरवा झेंडा दाखवायची सवय होती, ती निवृत्तीनंतर सुटली नव्हती. प्रत्येक गोष्ट त्यांनी सुरू करायची आणि त्यांनीच थांबवायची. सोबत त्यांच्या पत्नी द्वारकाबाई, हातात खंजिरी. बळवंतला मधोमध खाटेवर निजवलं आणि गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला खंजिरी वाजली आणि बळवंतची पाठ वर उचलली गेली. टाचा आणि डोकं तेवढं खाटेला टेकलेलं, मधला माणूस अधांतरी. दात आवळलेले, चेहऱ्यावर हसल्यासारखं काहीतरी, जे हसू नव्हतं.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर गाणं थांबवलं असतं. पण ही प्रार्थनेची माणसं. काळोखे म्हणाले, "सैतान निघून राह्यलाय. थांबू नका. जोरात म्हणा." आणि मंडळी जोरात म्हणू लागली. पेटी दणाणली, खंजिरी झणझणली. बळवंत थोडा खाली आला की पुन्हा वर जायचा, आणि तो वर गेला की मंडळीला वाटायचं, आता निघतोय. तीन गीतं झाली. सगळ्यांत मोठा आवाज तारामतीबाईंचा होता.

शेवटी अलका ओरडली, "आई, बस करो." ती धावत मीणाजींकडे गेली. मीणाजींनी स्टेशनवरून गाडी मिळवली आणि बळवंतला सरकारी इस्पितळात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने टाच पाहिली, जबडा पाहिला आणि धनुर्वात म्हणाला. झटके कधीपासून, त्याने विचारलं. तारामतीबाईंनी सांगितलं, गाणं सुरू झालं तेव्हापासून. त्याला कळेना. त्यांनी पेटी, खंजिरी, सगळं सांगितलं.

"माताजी," तो म्हणाला, "इस बीमारी में चम्मच भी गिर जाए तो दौरा पड़ता है। और आप लोग इनके सिर पर बाजा बजा रहे थे?"

तारामतीबाईंना त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. सैतान बाहेर काढायला बसल्या होत्या, आणि नवऱ्याची पाठ त्यांच्याच गळ्याने वाकवली होती.

व्हरांड्याच्या शेवटी एक खोली होती. खिडक्यांना काळी घोंगडी लावलेली. बळवंतला तिथे ठेवलं. उजेड नाही, आवाज नाही, स्पर्श नाही. डॉक्टर म्हणाला, दहाबारा दिवस धोक्याचे. झटक्यात श्वास अडकला तर संपलं. तो शुद्धीवर आहे, सगळं ऐकतो, पण त्याला ऐकू येईल असं काहीही करायचं नाही. सिस्टरसुद्धा आत एक अक्षर बोलत नसत, सुई टोचून मुकाट बाहेर येत. तारामतीबाईंना दिवसातून दोनदा आत जायची परवानगी मिळाली. अनवाणी जायचं, उशामागच्या भिंतीशी उभं राहायचं, परत यायचं. त्यांनी बांगड्या उतरवून पदरात बांधल्या. झालं. बाहेर बसलेल्या बायकांनी मोकळे हात पाहिले आणि नवरा गेला असं समजून गळा काढला. त्यांना गप्प करता करता बाईंच्या नाकी नऊ आले. जिवंत आहे, मेला नाही, हे कुजबुजत्या आवाजात सात बायकांना समजावणं सोपं नाही.

मग तारामतीबाईंनी त्या दाराशी स्टूल टाकलं आणि राखण सुरू केली. अर्ध्या दिवसात त्यांच्या लक्षात आलं, की जयपूर शहर गप्प बसू शकत नाही. बादल्या आपटतात, स्ट्रेचरची चाकं करकरतात, लोकांना शिंका येतात, आणि प्रत्येक शिंक असा काही जीव लावून देतात की जणू बक्षीस ठेवलंय. बाई बोट ओठावर ठेवून ठेवून थकल्या.

पण परकी माणसं परवडली. खरा ताप आपल्यांचा. शनिवारपासून नऊ घरं एकेक करून येऊ लागली, आणि प्रत्येकाला आत जाऊन 'दोनच मिनिटं' प्रार्थना करायची होती. छावणीतून सुभेदाराची बायको गिरिजा आली. म्हणाली, देव आपल्या आवडत्या माणसांचीच परीक्षा घेतो. तारामतीबाई म्हणाल्या, मग यांना नापास केलं तरी चालेल, घरी पाठवा म्हणावं. दुसरी एक आली, तिला जाणून घ्यायचं होतं की घरात कुणी काही पाप वगैरे केलंय का. तिसऱ्याने तेलाची बाटली आणली होती, कपाळाला लावायला. हात लावायचा नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. चौथा म्हणाला, मी अगदी हळू करीन, आणि हे वाक्यच त्याने असं म्हटलं की आतून खाट वाजली.

"घरी जाऊन करा ना भाऊ," तारामतीबाई हात जोडून कुजबुजल्या.

"असं कसं?" तो म्हणाला. "तुम्हीच तर सांगता, उशाशी केल्याशिवाय पोचत नाही."

आपलेच दात आपलेच ओठ. आजवर ज्यांच्या ज्यांच्या घरी जाऊन बाईंनी भिंती हलवल्या होत्या, ते सगळे आता परतफेड करायला आले होते. आणि गंमत म्हणजे एकेकाचा चेहरा बघून त्यांच्या मनात येई, हिच्या डोकेदुखीला मी तासभर ओरडले होते, त्या वेळी हिला काय वाटलं असेल?

खुद्द बाईंची प्रार्थना? तिचं तर पार खोबरं झालं होतं. ओरडायची सोय नाही, म्हणून त्यांनी मनात सुरू करून पाहिली. 'हे प्रभू, बळवंतचा जबडा...' एवढं झालं की मन तिसरीकडेच. दूधवाल्याला उद्या नको सांगायचं राहिलं. अलकाने गॅस बंद केला असेल का. भाजीचे भाव तेवढे यायचे बाकी होते, तेही आले. त्या पुन्हा पहिल्यापासून धरायच्या, पुन्हा घसरायच्या. आवाजाशिवाय शब्दांना उभं राहताच येईना. मग राग आला, आणि तो मात्र नीट मनातल्या मनात आला, एकही शब्द न गळता. तुला गोंगाट नको होता तर आधी सांगायचंस. शुक्रवारी सांगायचंस. तिसऱ्या गीतापर्यंत काय ऐकत बसला होतास? माझ्याच तोंडाने मारायला निघालास त्यांना? तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रयत्न सोडून दिला. देवाशी अबोला धरला म्हणा हवं तर. त्या नुसत्या बसत, आणि दाराच्या फटीतून श्वासाचा आवाज येतोय ना, तेवढं ऐकत.

सहाव्या दिवशी संध्याकाळी वरात आली. लग्नसराईच होती, आणि इस्पितळाच्या भिंतीला लागून रस्ता. पितळी बँड, घोडी, पेट्रोमॅक्स डोक्यावर घेतलेल्या बायका. लांबून ढोल ऐकू आला तशा तारामतीबाई स्टुलावरून उठल्या आणि पन्नाशीच्या वयात, चप्पल न घालता फाटकाकडे धावत सुटल्या. बँडमास्टरचे दोन्ही हात त्यांनी धरले. त्यांची हिंदी अशा वेळी नेहमी दगा देई. "भैया, मेरा आदमी मर जाएगा. मतलब, आवाज से मर जाएगा. वो खिडकी. वो काली वाली."

बँडमास्टरने खिडकीकडे पाहिलं, बाईंच्या पायांकडे पाहिलं, आणि तोंडातली तुतारी खाली घेतली. नवऱ्या मुलाचा मामा कुरकुरायला लागला, अपशकुन होतो म्हणाला. पण बँडमास्टरने हात वर केला आणि अख्खी वरात गप्प झाली. नाचणारी पोरं चालायला लागली. घोडीच्या गळ्यातली घुंगरं कुणीतरी मुठीत धरली. भिंत संपेपर्यंत ती सगळी माणसं कुणाचं तरी प्रेत नेत असल्यासारखी मुकाट चालत गेली, आणि मग कोपऱ्यावर जाऊन पुन्हा वाजवायला लागली. तारामतीबाई फाटकाशी उभ्या राहून रडल्या. बरं वाटलं म्हणून रडल्या, आणि वैतागूनही रडल्या. बँडवाल्याला एका वाक्यात कळलं. आमच्या लोकांना बायबल पाठ आहे आणि एवढं कळत नाही.

ते रविवारी आले. हिंदी चर्चची उपासना सुटल्यावर काळोखेंनी चौदा माणसं गोळा केली होती, आणि सगळी तशीच चांगल्या कपड्यांत व्हरांड्यात येऊन उभी राहिली. पेटी आणली नव्हती, हा त्यांच्या मते मोठाच समजूतदारपणा होता.

"सलाम, तारामतीबाई," काळोखे म्हणाले. निदान ते तरी हळू म्हणाले. "आम्ही आत येत नाही. दाराबाहेरूनच करू."

"नको भाऊ. दारातून आत जातंय सगळं."

"नऊ दिवस झाले. मंडळी आली नाही असं व्हायला नको. देवाला काय तोंड दाखवायचं?"

"देवाला सांगा, मी नको म्हटलं. माझ्यावर घाला."

काळोखेंचा चेहरा कठोर झाला. "प्रार्थना अडवून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले. "तुम्ही? बळवंताला काही झालं तर हे तुमच्या माथी येईल."

बाई काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटले, हात वर केले आणि गार्डाच्या डब्यातून इंजिनापर्यंत पोचवायच्या आवाजात म्हणाले, "हे आमच्या स्वर्गातल्या बापा."

आत खाट दणकन वाजली.

पुढे जे झालं ते मंडळीत अजून सांगतात, आणि ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे सांगतात. तारामतीबाईंनी एका हाताने काळोखेंची मान मागून धरली आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्या तोंडावर दाबला. चालू प्रार्थनेत. मंडळीतल्या सगळ्यांत वडील माणसाच्या. त्यांच्या मिशा बाईंच्या बोटांतून बाहेर आल्या होत्या, डोळे विस्फारले होते. चौदा माणसं बघत राहिली. द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. बाईंनी हात काढला नाही. सिस्टर धावत आत गेली, सुई दिली, आणि आतला आवाज थांबून पुन्हा श्वास सुरू झाल्याचं कानावर आलं, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.

"हा विषय मंडळीसमोर निघेल," काळोखे रूमालाने तोंड पुसत म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"काढा," तारामतीबाई म्हणाल्या. "पण तिकडं काढा."

माणसं गेली. जिन्यावर कुणीतरी म्हणालं, दुःखाने डोकं फिरलंय तिचं. बाई स्टुलावर बसल्या. पदराच्या गाठीतल्या बांगड्या वाजतील म्हणून त्यांनी ती गाठ मुठीत धरून ठेवली. देवाशी त्या तेव्हाही बोलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी डॉक्टरने एका खिडकीचं घोंगडं काढलं. झटका आला नाही. तेराव्या दिवशी दुसरं काढलं. चौदाव्या दिवशी सकाळी तो बाहेर येऊन म्हणाला, वाचले, आता हळू आवाजात बोललात तरी चालेल. अलका तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तारामतीबाई आत गेल्या.

बळवंत अर्धा राहिला होता. गालांच्या खोबणी झाल्या होत्या, दाढी पांढरी आली होती. बाई खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. त्याने डोळे उघडले आणि एकटक बघत राहिला, ओळख पटवून घ्यावी तसा.

"तू बरी आहेस?" तो म्हणाला. जबडा अजून पुरता उघडत नव्हता, शब्द दातांमधून येत होते.

"मला काय धाड भरलीय?" बाई कुजबुजल्या. "आजारी तुम्ही आहात."

"तू पण होतीस ना?"

त्यांना वाटलं, औषधाने भ्रम झालाय. पण बळवंतचे डोळे स्वच्छ होते. तो थांबत थांबत, एकेक शब्द जमवत बोलला.

"त्या शुक्रवारी तू गात होतीस. मग तुझा आवाज बंद झाला. नंतर आलाच नाही. मी रोज वाट बघायचो. काळोखे आले, त्यांचा आला. तुझा नाही. म्हटलं, ही गप्प बसली म्हणजे हिचाही जबडा बसला असणार. तिकडं बायकांच्या वॉर्डात पडली असेल. मला सांगत नाहीत."

तारामतीबाई आणखी जवळ वाकल्या.

"मग मी म्हणायचो," बळवंत म्हणाला. "मनातच. तू म्हणतेस तसंच, एकेक सांगून. तिचा जबडा मोकळा कर. तिची मान मोकळी कर. तिला पाणी गिळू दे. पाठ दुखायला लागली की जास्त म्हणायचो, म्हटलं तिचीही अशीच दुखत असेल."

"आणि स्वतःसाठी?"

"स्वतःचं कुठं सुचतंय?"

तारामतीबाईंना भयंकर राग आला. हा माणूस काळ्या अंधारात कमान होऊन पडला होता, पुढचा श्वास येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि चौदा दिवस हा प्रार्थना करत होता ती कुणासाठी, तर दाराबाहेर धडधाकट बसलेल्या बाईसाठी, जिने त्याच्यासाठी धड एक वाक्यही पुरं केलं नव्हतं. आणि बाईंना वाटलं होतं, आत आपण त्याला शांतता देतोय. त्यांना ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या अंगाला हात लावला.

"अहो, मी इथंच होते," त्या म्हणाल्या. "या दाराशी. रोज. दोन वेळा आत पण येत होते. तुमच्या उशाशी उभी राहत होते."

बळवंतने दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग त्यांच्याकडे.

"मग एकदा तरी बोलायचंस ना," तो म्हणाला.